आधी बुरशीचं नाव, मग थेंब

पिंपरीच्या मातीतून बुरशीविरुद्धचं एक औषध निघालं होतं. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरची एच. ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभी राहिली. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. लोकांना तो ठाऊक आहे पेनिसिलिनसाठी. आसपासची वसाहत, शाळा, मैदान, सगळ्यांना त्या दोन अक्षरांचंच नाव लागलं. पण त्याच कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. थिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ काम करत होते आणि तिथं मातीचे नमुने तपासले जात होते. पिंपरीतल्याच मातीच्या एका नमुन्यात त्यांना एक जिवाणू सापडला. गावाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं गेलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हा जिवाणू जे द्रव्य तयार करत होता ते बुरशी मारत होतं. १९६१ मध्ये ते हॅमायसिन या नावानं जगापुढे आलं. त्याच प्रयोगशाळेतून डर्मोस्टॅटिन आणि ऑरिओफंगिन ही आणखी दोन बुरशीनाशकं निघाली. त्यातलं ऑरिओफंगिन पिकांवरच्या रोगांसाठी शेतातही वापरलं गेलं.

या औषधांचं सगळं कूळच मातीतलं. निस्टॅटिन अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या एका दूध-डेअरीच्या जमिनीतून आलं. अँफोटेरिसिन-बी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या काठावरून आणि नाटामायसिन दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातून. ही सगळी पन्नासच्या दशकातली कमाई. रसायनशास्त्रात या कुळाला पॉलिईन म्हणतात. पिंपरीचं हॅमायसिन याच कुळातलं, रचनेनं अँफोटेरिसिनच्या अगदी जवळचं. ते पुढे मुख्यतः बाहेरून लावण्यापुरतं राहिलं. यातलं नाटामायसिन मात्र आज एका कामासाठी पहिल्या पसंतीचं औषध आहे. बुबुळात बुरशी शिरली की डॉक्टर बहुतेक वेळा आधी त्याचाच थेंब लिहून देतात.

बुबुळात बुरशी शिरते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. बुरशी भाकरीला येते, चामड्याच्या चपलेला येते, भिंतीला येते. डोळ्याला कशी येईल? पण जगात दरवर्षी किमान १० लाख ५१ हजार डोळ्यांना ती होते आणि त्यातले ८४ हजार ते १ लाख १५ हजार डोळे काढून टाकावे लागतात, असा अंदाज ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त ओझं आशिया आणि आफ्रिकेवर आहे. हा उष्ण, दमट हवेचा आणि हातानं कष्ट करणाऱ्यांचा रोग आहे. त्याची वैद्यकातली पहिली नोंदही अशाच एका माणसाची. १८७९ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी लिहिलेला तो रुग्ण शेतकरी होता. मळणी करताना ओट धान्याचं तूस त्याच्या डोळ्यात उडालं आणि त्या जखमेत अस्परजिलस नावाची बुरशी वाढली.

चाकणच्या पट्ट्यात ही दोन्ही जगं एकमेकांना खेटून आहेत. भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी. एका बाजूला प्रेस शॉप, फॅब्रिकेशन, कास्टिंग, गाड्यांचे सुटे भाग; कंपाउंडच्या भिंतीपलीकडे ऊस, कांदा, बटाटा. खेड तालुक्याच्या पश्चिम भागात आणि मावळात इंद्रायणी भात. मराठवाडा-विदर्भातून आलेला कंत्राटी कामगार वर्षातले दहा महिने ग्राइंडरवर असतो आणि सुगीला सुट्टी टाकून गावी सोयाबीन किंवा बाजरी काढायला जातो. कंपनीत निदान गॉगल असतो, भले तो कपाळावर चढवलेला का असेना. शेतात तोही नाही. उसाचं पात सपकन डोळ्यावर बसतं, भाताच्या झोडणीत कूस उडते, आणि माणूस डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो.

बुबुळाचा जो पारदर्शक भाग आहे त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तर त्यातून दिसतं. वरचं आवरण शाबूत असेल तोवर बुरशीला आत जाता येत नाही. ग्राइंडरचा कण तापलेला असतो, तो स्वतः बुरशी आणत नसेलही, पण ते आवरण तो फाडतो. पुढे काय होतं हे शॉपफ्लोअरवर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. “काय झालं रे?” “काही नाही, कचरा गेलाय.” मग कुणीतरी अनुभवी सहकारी पापणी उलटी करतो आणि रुमालाच्या टोकानं, आगकाडीनं, कधी पिनेनं तो कचरा काढतो. यात प्रेम असतं, मदतीची भावना असते. पण त्या रुमालावर आणि काडीवर काय आहे ते दिसत नाही. शेतात हेच काम जिभेच्या टोकानं किंवा लुगड्याच्या पदरानं होतं. नंतर कुणी एरंडेल सोडतं, कुणी मध, कुणी बाळंतिणीचं दूध.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल. घरात म्हणतात, डोळे आले असतील. आणि मग मेडिकल. “भाऊ, डोळ्याचा ड्रॉप द्या, लाल झालाय.” काउंटरवरून जी बाटली मिळते तिच्यात पुष्कळदा प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. कायद्यानं ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण बाटली मिळते, आणि दुर्दैवानं तिचा गुणही येतो. स्टेरॉइडनं सूज उतरते, लाली कमी होते, ठणका थांबतो. माणूस पाळीवर जातो. आत मात्र बुरशीला रोखणारी शरीराची फौज आपणच मागे बोलावलेली असते. चारआठ दिवसांनी नजर धूसर होते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. आपल्याकडे त्याला फूल पडलं म्हणतात, काही जण टीक म्हणतात. तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरची आठवण होते.

मला या सगळ्या साखळीत सर्वांत जास्त राग येतो तो या मधल्या आठवड्याचा. जखम कुणाला चुकलेली नाही. पण नेपाळमधल्या भक्तपूर इथल्या पाहणीचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना गावपातळीवरच्या प्रशिक्षित आरोग्य सेवकांनी क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम लावलं. त्यातल्या ९६ टक्के जखमा संसर्गाविना भरल्या. ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यापैकी एकाच्याही बुबुळात व्रण झाला नाही. ज्यांना उशीर झाला त्यांच्यातल्याच काहींना तो झाला. भक्तपूरमध्ये रस्ते चाकणइतके रुंद नव्हते, इतके कारखाने नव्हते, प्रत्येक गेटवर अँब्युलन्स उभी नव्हती. तिथं १८ तासांत जे जमलं ते इथं जमत नाही, याला गरिबी हे कारण देता येणार नाही.

डोळ्याच्या डॉक्टरकडे पोचल्यावरही एक वळण येतं, आणि या लेखाचा खरा विषय तिथंच आहे.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बुरशीचा व्रण अनुभवी डोळ्याला ओळखू येतो. तो कोरडा, थोडा उंचावलेला असतो, कडा पिसासारख्या फाटलेल्या असतात, मुख्य व्रणाभोवती छोटे सुटे ठिपके असतात, कधी बुबुळामागे तळाशी पांढरा पू साचलेला असतो. पण ओळखीवर भागत नाही. जिवाणूचा व्रणही कधी असाच दिसतो, अमीबाचाही. म्हणून खरवड घ्यायची असते. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावतात. मग किमुरा स्पॅट्युला नावाच्या बारीक पात्यानं किंवा शस्त्रक्रियेच्या पंधरा नंबरच्या ब्लेडनं व्रणाच्या कडा आणि तळ हळुवार खरवडतात. निघतो तो ऐवज डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. त्याचा एक भाग काचपट्टीवर जातो, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि वर कव्हरस्लिप. क्षारानं पेशी विरघळतात. बुरशीचा तंतू विरघळत नाही. थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकातून पाहावं तर धूसर पार्श्वभूमीवर फांद्या फुटलेले, मधेमधे पडदे असलेले तंतू लख्ख दिसतात. एका काचपट्टीवर, पाऊण तासाच्या आत, उत्तर मिळालेलं असतं: बुरशी आहे. या तपासणीला लागतं काय? सूक्ष्मदर्शक, एक रसायन आणि बघायला शिकलेला माणूस.

उरलेला ऐवज सॅबुरो अगर या पोषक माध्यमाच्या बशीत इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या रेघांनी पेरतात. रेघेवर वाढलं तरच ते डोळ्यातलं. रेघेबाहेर वाढलं तर हवेतून पडलेलं. बहुतेक बुरश्या दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत वर येतात. अस्परजिलस फ्लेव्हस पिवळट हिरवी, फ्युमिगेटस धुरकट निळी-हिरवी, नायजर काळीकुट्ट. फ्युजेरियमची वसाहत कापसासारखी असते, पण निळ्या रंगात रंगवून पाहिली की विळ्याच्या आकाराचे तिचे बीजाणू तिची ओळख पटवतात. आता बुरशीला नाव मिळालं.

नाव कशाला हवं, औषध तर बुरशीचंच द्यायचं ना, असं कुणी विचारील. इथंच मेख आहे. पॉलिईन कुळातली औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल नावाच्या घटकाला चिकटतात आणि आवरण निकामी करतात. व्होरिकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही ॲझोल कुळातली औषधं तो घटक तयारच होऊ देत नाहीत. लक्ष्य एकच, वाटा दोन. पण प्रत्येक बुरशी या दोन्ही वाटांना सारखी बळी पडत नाही. फ्युजेरियम ॲझोलांना फारशी दाद देत नाही, नाटामायसिनला देते. अस्परजिलस फ्लेव्हसला प्रयोगशाळेत थांबवायला नाटामायसिन फ्युजेरियमपेक्षा कितीतरी जास्त लागतं, आणि तिच्यावर व्होरिकोनॅझोल कमी मात्रेत चालतं. अस्परजिलस टेरियसवर अँफोटेरिसिन फिकं पडतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत जिच्या नावानं थरकाप उडाला त्या म्युकरवर व्होरिकोनॅझोलचा उपयोगच नाही.

हे मोजायची पद्धत ठरलेली आहे. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची एक छोटी थाळी असते. प्रत्येक खळग्यात पोषक द्रव आणि औषध. औषधाची मात्रा एका खळग्यातून दुसऱ्यात जाताना निम्मी होत जाते. सगळ्यांत सारखेच बीजाणू सोडायचे आणि ३५ अंशांवर दोन दिवस ठेवायचं. ज्या सर्वांत कमी मात्रेत बुरशी वाढली नाही तो आकडा म्हणजे एमआयसी. अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेनं तंतुमय बुरशींसाठी ही पद्धत प्रमाण करून दिली आहे. पण एक मोठी उणीव उरते. इतका आकडा आला तर औषध लागू, त्यापुढे गेला तर नाही, अशी सीमारेषा डोळ्यातल्या बुरशीसाठी आखलेली नाही. रक्तात औषध किती पोचतं यावरून या रेषा ठरतात, आणि थेंबानं डोळ्यात पोचणाऱ्या औषधाचं गणित वेगळं. नाटामायसिनचा ५ टक्के थेंब म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० हजार मायक्रोग्रॅम. आकड्यावरून वाटेल, यापुढे कुठली बुरशी टिकणार? पण ते पाण्यात विरघळत नाही. पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं आणि बुबुळाच्या खोल थरात फारसं उतरत नाही. म्हणूनच बाटली दर वेळी हलवून घ्यायची असते. रुग्णाला हे सांगितलं नाही तर तो आठवडाभर वरचं पाणीच डोळ्यात घालत राहतो.

आकड्यांना मग अर्थ आहे की नाही? आहे, आणि तो आपल्याच देशातल्या रुग्णांनी दाखवून दिला. तमिळनाडूतल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहात ३२३ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. डॉ. एन. व्ही. प्रज्ञा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या रुग्णांना नाटामायसिनचे थेंब, निम्म्यांना व्होरिकोनॅझोलचे. व्होरिकोनॅझोल तेव्हा नवं होतं, बुबुळात खोल जाणारं, महागडं, आणि तेच सरस ठरेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. झालं उलट. बुबुळाला भोक पडण्याचे किंवा तातडीनं बुबुळ बदलण्याचे प्रसंग नाटामायसिनच्या गटात १८ आणि व्होरिकोनॅझोलच्या गटात ३४. फ्युजेरियमच्या रुग्णांत फरक सर्वांत ठळक. पुढे याच चाचणीतल्या बुरशींचे एमआयसी तपासले तेव्हा दिसलं की नाटामायसिनचा आकडा जितका वर, तितका मागे राहणारा डाग मोठा आणि भोक पडण्याची शक्यता जास्त. २०१६ मध्ये दुसरी चाचणी आली, भारत आणि नेपाळमधल्या २४० रुग्णांची. थेंबांच्या जोडीला व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या द्याव्यात का? एकंदरीत फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले.

मदुराईचं हे उत्तर आज देशभर वापरलं जातं, आणि ते योग्यच आहे. तरी ते जसंच्या तसं चाकणला लागू करताना एक प्रश्न विचारायला हवा. तमिळनाडूच्या शेतात फ्युजेरियम जास्त. मुंबईतल्या रुग्णांचा जो अभ्यास देशपांडे आणि कोप्पीकर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात आघाडीवर होती अस्परजिलस. म्हणजे नाटामायसिनला जिथं सर्वाधिक यश मिळालं ती बुरशी तिकडची; आपल्या बाजूची बुरशी वेगळी असू शकते, आणि तिचा औषधाला प्रतिसादही वेगळा. हवा, माती, पीक, धूळ बदलली की बुबुळातली बुरशी बदलते. चाकणच्या डोळ्यांतल्या बुरशींची यादी चाकण-पिंपरीतच व्हायला हवी, आणि दर काही वर्षांनी नव्यानं व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

नव्यानं व्हायला हवी याला आणखी एक कारण याच जिल्ह्यात आहे. चाकणहून नाशिक रस्त्यानं नारायणगावकडे गेलं की द्राक्षबागा सुरू होतात. भुरी आणि करप्यासाठी तिथं हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल फवारतात. शेवटची तीन अक्षरं पाहा. ही सगळी त्याच ॲझोल कुळातली, व्होरिकोनॅझोलची भावंडं. शेतातल्या मातीत राहणारी अस्परजिलस फ्युमिगेटस या फवाऱ्यांना तोंड देत देत माणसाच्या औषधालाही दाद न देणारी होते, हे नेदरलँड्समध्ये आधी दिसलं. २०१२ मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या रुग्णांत आणि मातीत तशी बुरशी सापडल्याचं प्रसिद्ध केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी केली, तिच्यात फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे आणि फ्युजेरियम दुसऱ्या गटात. द्राक्ष बागायतदाराला दोष देण्यात अर्थ नाही; भुरी आली तर त्याचं वर्ष जातं. पण ज्या मातीवर वर्षानुवर्षं ॲझोल पडतं, त्या मातीचा कण डोळ्यात गेलेल्या माणसाची बुरशी तपासल्याशिवाय त्याला ॲझोल देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आणि कधी कधी ती बुरशी नसतेच. पिथियम नावाचा एक जीव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तंतू बुरशीसारखेच, व्रणही तसाच. पण शास्त्रानुसार तो बुरशीच्या राज्यातला नाही, आणि त्याच्या आवरणात बुरशीसारखं अर्गोस्टेरॉल नाही. औषधाला चिकटायला जागाच नाही म्हटल्यावर नाटामायसिन काय करणार? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनं गेल्या दशकात असे पुष्कळ रुग्ण ओळखले आणि लिनेझोलिड, ॲझिथ्रोमायसिन या जिवाणूंवरच्या औषधांनी त्यांच्यावर उपचार सुरू केले. बुरशीचे थेंब देऊनही व्रण पसरतच चालला तर पिथियमचा विचार करावा, हे आज प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला माहीत असतं. पण ते ठरवायला पुन्हा खरवड लागते आणि प्रयोगशाळा लागते.

२०२१ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडनं बुरशीचं दुसरं रूप पाहिलं. म्युकर नाकातून, सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत शिरतो. बुबुळाच्या बुरशीशी त्याचं थेट नातं नाही. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाइकांनी केलेली धावपळ ज्यांनी पाहिली ते विसरलेले नाहीत. त्या वेळी स्टेरॉइड आणि मधुमेह हे दोन शब्द घराघरात पोचले. बुबुळाच्या बुरशीतही हेच दोघे आग भडकवतात, पण ही आठवण मेडिकलच्या काउंटरपर्यंत टिकली नाही.

औषध योग्य मिळालं तरी पुढची वाट सोपी नाही. सुरुवातीला थेंब दर तासाला घालायचे, जागेपणी तर नक्कीच, पुष्कळदा रात्रीही. मग दोन तासांनी. उपचार आठवडे चालतात, महिना-दीड महिना सहज. आता हे कुरुळीतल्या एका खोलीत कल्पून पाहा. पाचसहा जण भाड्यानं राहतात, तीन पाळ्यांमध्ये काम करतात. कुणी झोपलेला, कुणी स्वयंपाक करणारा, कुणी नुकताच आलेला. यात दर तासाला बाटली हलवून थेंब कोण घालणार? कंत्राटावरचा माणूस सहा आठवडे घरी बसला तर जागा राहील का? ठणका कमी झाला की तो कामावर जातो. फेरतपासणीसाठी दर आठवड्याला तळेगाव चौकातली कोंडी पार करून पिंपरीला यायचं, किंवा महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयापर्यंत शहराचं दुसरं टोक गाठायचं, म्हणजे दिवस गेला आणि दिवसाची हजेरीही. उपचार अर्धवट सुटतात ते बेफिकिरीमुळे, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

औषध हरलं की शस्त्रक्रिया उरते. छोटं भोक विशिष्ट गोंदानं बुजवतात. मोठं असेल, व्रण कडेपर्यंत पसरला असेल, तर मृत्यूनंतर कुणीतरी दान केलेलं बुबुळ बसवतात. ही शस्त्रक्रिया आधी डोळा वाचवण्यासाठी असते; नजर हा पुढचा प्रश्न. डोळ्याच्या सगळ्या आतल्या भागात बुरशी पसरली तर डोळाच काढावा लागतो. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधत्वात ३७.५ टक्के वाटा बुबुळाच्या आजारांचा निघाला. मोतीबिंदू हा म्हातारपणाचा आजार. बुबुळ कमावत्या वयात जातं.

कायद्याच्या पुस्तकात डोळा विसरलेला नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं ३५ वं कलम डोळ्यांच्या संरक्षणासाठीच लिहिलेलं होतं: कण उडणाऱ्या कामात पडदा किंवा गॉगल द्यायलाच हवा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात एक डोळा गेला तर कमाईची क्षमता ४० टक्के घटली असं धरलं होतं, डोळा राहून नजर गेली तर ३० टक्के. पण हे हक्क मिळायला अपघाताची नोंद लागते. ‘कचरा गेला’ ही नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते? आठवडाभर मेडिकलचे थेंब घालून मग आलेल्या माणसाच्या बाबतीत, ही जखम कंपनीतच झाली हे सिद्ध करायला कागद उरलेला नसतो. म्हणून डोळ्यात कण गेल्याची नोंद त्याच पाळीत, त्याच दिवशी करून घेणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. हे मी कामगारांना उद्देशून सांगतो आहे, आणि त्यांच्या संघटनांनाही.

कारखान्यांना काय करता येईल? मोठ्या कंपन्यांच्या आरोग्य केंद्रात फ्लोरेसिनची कागदी पट्टी आणि निळा प्रकाश ठेवणं अजिबात कठीण नाही. पट्टी डोळ्याला टेकवली की खरचटलेला भाग हिरवा चमकतो. हिरवं दिसलं की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. लहान वर्कशॉपना हे एकट्याला जमणार नाही, पण औद्योगिक संघटनांना वसाहतीमागे एक अशी सोय सहज उभी करता येईल. आणि खरवड बघणारी, बुरशी वाढवणारी, गरज पडल्यास औषधाची थाळी लावणारी एक प्रयोगशाळा या पट्ट्याला हवी. पिंपरीची वायसीएम आणि डी. वाय. पाटील रुग्णालयं, मोहननगरचं ईएसआय रुग्णालय, चाकणचं ग्रामीण रुग्णालय यांनी नमुने एका ठिकाणी पाठवायचं ठरवलं तर दोनतीन वर्षांत या भागातल्या बुरशींचा आणि त्यांच्यावर चालणाऱ्या औषधांचा नकाशा तयार होईल. जिथं साठ वर्षांपूर्वी मातीच्या नमुन्यातून औषध शोधलं गेलं, तिथं बुबुळाच्या नमुन्यातून बुरशीचं नाव शोधणं अशक्य नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा मावळात भातकापणी चालू असेल, गावोगावी झोडणी सुरू होईल आणि सुट्टीवर गेलेले कामगार परतू लागतील. तुमच्या घरात, शेतात किंवा शॉपफ्लोअरवर कुणाच्या डोळ्यात काही गेलं तर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा. चोळू नका, काडीनं काढू नका. दुखणं, लाली किंवा पाणी येणं दुसऱ्या दिवशीही असेल तर मेडिकलमधून थेंब न घेता थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. घरी आधीची बाटली पडून असेल तर तीही वापरू नका. आणि डॉक्टरांनी बुबुळात व्रण असल्याचं सांगितलं तर संकोच न करता एक प्रश्न विचारा: “डॉक्टर, खरवडून तपासलंत का?”